हेडच्या स्क्रूचा पाव फेरा

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरात जिथे पूर्वी जेवणाचे टेबल होते, तिथे आता स्पूलचे तीन टेपडेक मांडलेले आहेत. दोन चालतात, तिसरा चालेल अशी मला आशा आहे. घरी आलेली माणसे आधी त्यांच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, "हे तुम्ही करता?" मी होकार देते, पण दर वेळी किंचित उशिराने. सारी नोकरी मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात केली. इतरांनी लिहिलेले जपून ठेवायचे, मागितले की काढून द्यायचे आणि बोलायचे झालेच तर हळू बोलायचे, एवढेच मला येत होते. एखादी वस्तू स्वतः उघडावी, बिघडवावी आणि पुन्हा जुळवावी, हे साठीनंतर प्रथमच घडले.

पहिला डेक ग्रंथालयाच्या अडगळीतलाच. भाषा विभागाने कधीकाळी उच्चार शिकवण्यासाठी घेतलेला आणि पुढे कोणी हात न लावलेला. मी निवृत्त झाले त्याच वर्षी निर्लेखनाच्या यादीत 'टेपरेकॉर्डर, मोठा, नग एक, नादुरुस्त' अशी त्याची ओळ आली. तो भंगारात जाण्याआधी मी रीतसर अर्ज केला आणि घरी आणला. चार स्क्रू काढून झाकण उचलले तेव्हा आत जे दिसले ते मी बराच वेळ पाहत राहिले. पितळेची एक जड चक्री, तिच्या मधोमध उभा सुईसारखा चकचकीत दांडा, स्प्रिंगांवर तोललेल्या तरफा, आणि रंगीत तारांच्या जुड्या मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. कोणीतरी, कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात, कोणालाही दिसणार नाहीत अशा जागी त्या दोऱ्याच्या गाठी एकसारख्या अंतरावर मारल्या होत्या. चांगल्या बांधणीच्या पुस्तकाची शिवण पाहताना मला जे वाटत असे, तेच वाटले.

या सगळ्यावर मात्र डांबर सांडल्यासारखा काळा चिकटा पसरलेला होता. तो मूळचा रबरी पट्टा. वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांत वितळून गेलेला. स्पिरिट आणि कापसाचे बोळे घेऊन मी आठवडाभर तो पुसत होते. पट्टा नवा मिळाला. पण फितीला दांड्यावर दाबून धरणारे रबरी चाक दगडासारखे टणक झाले होते, त्याला उपाय नव्हता. नागपूरच्या एका दुकानदाराने सहानुभूतीने विचारले, "मॅडम, गाणे पाहिजे असतील तं मोबाइलमध्ये भरून देऊ का?" मी आभार मानून बाहेर पडले. शेवटी दुसऱ्या एका दुकानातून हिंगणघाटच्या मिस्त्रींचा पत्ता मिळाला.

मिस्त्री तेव्हा ऐंशीच्या आसपास होते. उभी हयात कापडाच्या मिलमध्ये, विजेच्या खात्यात गेलेली. उरलेल्या वेळात त्यांनी तालुक्यातले रेडिओ आणि लाउडस्पीकर दुरुस्त केले. घराच्या पुढच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचे टेबल होते, आणि टेबलावर एकही वस्तू अशी नव्हती जिच्यासाठी त्यांना डोळे वर करून शोधावे लागे. त्यांनी माझे टणक चाक तळव्यावर फिरवले, नखाने दाबून पाहिले, मग पत्र्याच्या डब्यातून करड्या रबराची एक नळी काढली.

"हे सूत काढाच्या मशीनवरचं रबर हाय, मॅडम. मिलमध्ये याले कॉट म्हनतात. याच्याखालून कापसाचा पेळू जाते. पेळूवर फुक मारली तं तुटते, तोही हे न तोडता ओढते. मंग तुमची फीत काऊन नाई ओढनार?"

ती नळी त्यांनी जुन्या चाकाच्या गाभ्यावर चढवली, ड्रिलमध्ये धरून फिरवली आणि पॉलिश पेपर लावत लावत घासून हव्या त्या जाडीवर आणली. मधूनमधून ते फिरत्या रबरावर करंगळीचे नख टेकवत. चाक केसभरही वाकडे असले तर नख थरथरते, आणि नख थरथरले तर गाणेही थरथरणार. अर्ध्या तासाने नख स्थिर राहिले. घरी येऊन मी डेक लावला तेव्हा त्यावरच राहून गेलेल्या फितीतून अनेक वर्षांनी एका अनोळखी प्राध्यापकाचा स्वर संथपणे बाहेर आला आणि 'र' व 'ल' यांतला फरक समजावून सांगू लागला. मी त्यांचा संपूर्ण पाठ ऐकला.

त्यानंतर मी दर बुधवारी एसटीने हिंगणघाटला जाऊ लागले. डाख कसा द्यायचा, फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडमध्ये साचलेले चुंबकत्व कसे उतरवायचे, तुटलेली फीत तिरकी कापून का जोडायची, हे मिस्त्री मला दोन वर्षे शिकवत राहिले. चूक झाली की त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणते, आतून म्हणत, "रागवू नका बाप्पा त्याईले, शिकल्यासवरल्या बाई हायेत." त्यावर मिस्त्री, "म्हनूनच तं वेळ लागून राह्यला!"

एक गोष्ट मला लवकर कळली होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. खोलीतल्या इन्व्हर्टरमधून सतत एक बारीक शिट्टीसारखा आवाज येत असे. एकदा मी त्याविषयी विचारले तर मिस्त्री म्हणाले, "कोनती शिट्टी?" मिलच्या मागांच्या खडखडाटाने त्यांच्या कानांतले वरचे सूर नेले होते. माणसाचे बोलणे, ढोलकी, मोटारीची घरघर हे त्यांना ऐकू येई. बारीक, धारदार असे काही येत नसे. मी विषय बदलला. ते मला सौजन्य वाटले होते.

गेल्या हिवाळ्यात पुलगावहून माझी विद्यार्थीदशेतली मैत्रीण आली. ती परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, स्वच्छ बोलणारी बाई. तिने पिशवीतून एक लहान स्पूल काढून माझ्यापुढे ठेवले. तिच्या लहानपणी गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक हौशी होते. त्यांनी बॅटरीवरच्या मशीनने एका दिवाळीत गावची दंडार ध्वनिमुद्रित केली होती. त्यांच्या मुलाला घर आवरताना हे स्पूल सापडले आणि वेष्टनावर तिच्या वडिलांचे नाव दिसले म्हणून त्याने ते पाठवले.

"बाबा दंडारीत बाईचं सोंग घेत," ती म्हणाली. "तुले कधी सांगितलं नाई मी. कोणालेच नाई सांगितलं."

नाटक, गाणे आणि थट्टा यांचा तो खेळ दिवाळीच्या दिवसांत गावोगाव होई. वडील लुगडे नेसत, पण शेतकरी माणूस, मिशी काढायला तयार नसत; ती पदराने झाकून घेतात असे तिने ऐकले होते. शाळेत मुली तिला विचारत, "तुह्या मायची मिशी कवढी वाढली?" खेळाच्या दिवशी ती ताप आल्याचे सांगून घरी पडून राही. लोकांचे हसणे तिला घरापर्यंत ऐकू येई. वडिलांचा खेळ तिने एकदाही पाहिला नाही, आणि ते जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली होती.

"एक डाव आइकतो," ती म्हणाली. "मंग काय वाटायचं ते वाटो."

फितीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता, म्हणजे ती आतून मरू लागली होती. मी ती बुधवारी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी टोक बोटांत धरून हलकेच वाकवले. तांबूस भुकटी त्यांच्या नखावर उतरली.

"दोन डाव चालन," ते म्हणाले. "तिसऱ्या डावाले पावडर."

म्हणजे पहिल्याच खेपेला ती माझ्या लॅपटॉपवर नीट उतरवून घ्यायची होती. यात एक अडचण असते, ती सांगितली पाहिजे. टेपवर आवाज लिहिला जातो तो हेडच्या एका उभ्या फटीतून, आणि प्रत्येक मशीनचे हेड किंचित वेगळ्या कोनात बसलेले असते. ज्या तिरकेपणाने लिहिले, त्याच तिरकेपणाने वाचावे लागते. नाही तर अक्षरांच्या कडा पुसल्यासारखा आवाज बोथट होतो आणि नंतर कोणत्याही उपायाने त्याला धार येत नाही. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवत जायचे आणि आवाज 'उघडला' की थांबायचे. सगळे काम पाव फेऱ्यात होते, आणि ते केवळ कानाने.

मिस्त्रींनी आपल्या टेबलावरच्या डेकवर फीत लावली. ढोलकी सुरू झाली, मग टाळ. टाळ लाकडावर लाकूड आपटावे तसे वाजत होते. मिस्त्रींनी स्क्रू हळूहळू फिरवला. टाळांना थोडी चमक आली, आणखी थोडी येणार असे वाटले, आणि तिथेच त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आला का, मॅडम?"

आवाज आला नव्हता. मला ते स्वच्छ ऐकू येत होते. पण ज्या माणसाने नखावर चाक तोलले होते, त्याला मी, दोन वर्षांची विद्यार्थिनी, 'नाही, अजून' असे म्हणावे? त्यांना काय ऐकू येत नाही ते मी त्यांच्या टेबलावर त्यांनाच दाखवावे? मी मान हलवली आणि म्हणाले, "आला."

स्क्रू जागचा हलू नये म्हणून त्यांनी त्यावर लाखेचा थेंब टाकला. अर्ध्या तासाहून थोडी अधिक फीत आम्ही उतरवून घेतली. ती दोनदा तुटली, दोनदा त्यांनी जोडली, आणि त्या जोडण्यात त्यांचे हात इतके सुंदर चालले की मी काय केले ते त्या वेळी मला जाणवलेच नाही.

घरी कानांवर हेडफोन चढवले तेव्हा जाणवले. गाणी कळत होती, संवाद अर्धेमुर्धे. 'स' आणि 'च' कुठेच नव्हते. सारे बोलणे रजईखालून आल्यासारखे होते. तरीही मी मैत्रिणीला बोलावले. इतके तरी मिळाले, असे मी स्वतःला समजावत होते.

ती हात मांडीवर ठेवून ऐकत बसली. मध्येच प्रेक्षकांतून कोणीतरी जोरात ओरडले, "ओ बाई, तुह्या मिशीचं काय?" मग वडिलांचे काहीतरी अस्पष्ट बोलणे, आणि लगेच गावभर पसरलेले हसणे. तिने मान खाली घातली.

"पाह्य," ती म्हणाली. "अजूनही हासूनच राह्यले."

थोड्या वेळाने ती मला धीर देण्याच्या सुरात म्हणाली, "आवाज असाच असंन, तू वाईट नको वाटून घेऊ. बाबा तोंडावर पदर धरूनच बोलत ना, मिशी झाकाले. म्हणून असा दबून येऊन राह्यला."

ती लॅपटॉपमधली प्रत पेनड्राइव्हवर मागू लागली. मुंबईला मुलाकडे पाठवणार होती. त्या क्षणी मला कळले की माझा एक भिडस्त होकार आता तिच्या वडिलांचा आवाज होणार आहे. तिचा मुलगा तोच ऐकेल. तिने त्या बोथटपणाला कारणही शोधून दिले होते, आणि ते पुरते पटण्यासारखे होते. मी गप्प राहिले असते तर कोणाला कधीच कळले नसते.

"तो पदर नाही," मी म्हणाले. "ती माझी चूक आहे. मला बुधवारपर्यंत वेळ दे. आणि तूही चल."

त्या बुधवारी बसमध्ये मैत्रिणीशेजारी बसून मी मनात वाक्ये जुळवत होते. मिस्त्रींना लागणार नाही असे एक वाक्य मला हवे होते आणि ते हिंगणघाट येईपर्यंत सापडले नाही. शेवटी खोलीत शिरल्या शिरल्या, चप्पल नीट काढायच्याही आधी, मी बोलून गेले, "मिस्त्रीजी, त्या दिवशी आवाज उघडला नव्हता. मला ऐकू येत होतं, आणि तरी मी 'आला' म्हणाले."

वहिनी आतून दारात आल्या.

"काऊन म्हनलं जी तसं?" मिस्त्रींनी शांतपणे विचारले.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट?" त्यांनी चष्मा काढला. "माहे कान गेले हे मले मालूम नाई का? मिलमधी होतो तवाच गेले. मले चिमन्या आइकू येत नाई, याईचं बोलनं तेवढं येते."

"ते बी सोयीनं!" वहिनी म्हणाल्या.

"म्हनून तं म्या तुमाले बाजूले बसवलं होतं, मॅडम. स्क्रू माहा, कान तुमचे. आता कानच मान हलवाले लागला, तं मानसानं कोनाले पुसावं?"

दोन वर्षे मी त्यांचे गुपित सांभाळते आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात त्यांनी कधीच काही लपवले नव्हते. आपल्यात काय उणे आहे ते मोजून, त्या जागी त्यांनी मला बसवले होते. जे मी झाकत होते ते उघडेच होते, आणि त्यांना त्याची लाजही नव्हती. इतका सरळ माणूस मी क्वचितच पाहिला आहे. त्यांनी लाख खरवडली आणि स्क्रू-ड्रायव्हर मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"फिरवा. मी फीत पाह्यतो."

मी लॅपटॉप पुन्हा डेकला जोडला. मैत्रीण बाजेवर बसली. मिस्त्रींनी स्पूलच्या कडेवर एक बोट टेकवले, फितीवर ताण येऊ नये म्हणून. ते बोट शेवटपर्यंत तिथेच होते, कमी-जास्त भार देत, जणू नाडी पाहत. ढोलकी सुरू झाली. टाळ आले. मी मागच्या वेळच्या जागेपर्यंत गेले, त्याच्या पुढे गेले. टाळांना धार आली, आणखी आली, मग ती पुन्हा बोथट झाली आणि मी घाबरून थांबले.

"आला का?"

"नाही," मी म्हणाले. "पुढे गेला."

"बराबर. पुढं जाऊन वापस या. वापस आल्याबिगर जागा नाई समजत."

मी परत आले. एका जागी टाळ अक्षरशः खोलीत वाजले. त्यांच्यामागे पेट्रोमॅक्सची सूंसूं होती, कोणाचे तरी खोकणे होते, एक लेकरू रडत होते. मग घुंगरांची चाल ऐकू आली आणि एका पुरुषाचा बारीक केलेला, लाडिक, कमालीचा स्पष्ट आवाज गण म्हणू लागला. त्याचा प्रत्येक 'स' जागेवर होता.

"आला," मी म्हणाले, आणि या वेळी जरा मोठ्याने.

फीत चालत राहिली. तांबूस भुकटी डेकच्या पांढऱ्या पत्र्यावर साचू लागली. मग ती जागा आली. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "ओ बाई, तुह्या मिशीचं काय?" पूर्वी जिथे नुसता दबलेला गलबला होता, तिथे आता क्षणभराची स्तब्धता होती. घुंगरू थांबले. तो लाडिक आवाज थोडा वळला आणि सावकाश म्हणाला, "नवऱ्याची हाय, भाऊ. त्याले वागवता येत नाई, म्हणून मीच घेऊन फिरून राह्यली!"

आणि मग, त्यानंतर, गाव हसले.

मैत्रीण बाजेवरून उठून उभी राहिली होती. ती डेककडे एक पाऊल टाकून थांबली. आणखी वीस मिनिटे फीत चालली. शेवटचा थोडा भाग मिळाला नाही. तिथे ती हातभर चालून हातभर तुटू लागली आणि मिस्त्रींनी बोट उचलून डेक बंद केला. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायला घेतले.

"बाबानं पदर धरलाच नव्हता," मैत्रीण म्हणाली. ती कोणाशी बोलत होती ते कळत नव्हते. "मले वाटे, लोकं बाबाले हासतात. ते तं थांबले होते, बाबा काय म्हणतो म्हणून."

मिस्त्रींनी हेड पुसता पुसता वर पाहिले. "मंधात सारे लोकं हासले, तवा काय म्हनले जी तुमचे वडील? मले हासनंच तेवढं आइकू आलं."

मी सांगायला तोंड उघडले. तोपर्यंत ती त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली होती. आयुष्यभर रुग्णांशी हळू आवाजात बोललेल्या त्या बाईने एक हात कमरेवर ठेवला, मान किंचित वळवली, आधी त्या प्रेक्षकाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, थांबली, अगदी तेवढीच थांबली, आणि वडिलांचे उत्तर खणखणीत, रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात दिले. दारातल्या वहिनी हसून खाली बसल्या.

मिस्त्रींना ते पहिल्याच खेपेला ऐकू गेले.